खुशालरावांची रिकामी गाडी

धानोरखेडच्या खुशालरावांना पाहुणा लागायचा. कुणाला सकाळी उठल्यावर तंबाखू लागते, कुणाला जेवल्यावर झोप लागते, यांना पाहुणा. चार दिवस घरात कुणी आलं नाही तर ते बेचैन होत, ओट्यावर येऊन उभे राहत आणि पुढच्या गावाला निघालेल्या अनोळखी मोटारसायकलवाल्यालाही हात करून थांबवत. तो बिचारा कुणाच्या मयताला निघालेला असला तरी चहा घेतल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. चहा करायचा अर्थातच दुर्गाबाईंनी. खुशालरावांनी उभ्या आयुष्यात स्वतः पाण्याचा गडू भरून पाहुण्यापुढे ठेवला नाही. दुर्गाबाईंनी ठेवलेल्या गडूकडे बोट दाखवून "घ्या, घ्या" म्हणायचं काम त्यांचं होतं, आणि ते त्यांनी जीव ओतून केलं.

गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं. जमीन काळीभोर आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवणार नाही इतकं खारं. नळाला गोडं पाणी येई त्या दिवशी पहिला हंडा पाहुण्यांसाठी झाकून ठेवायचा, असा खुशालरावांच्या घरचा कायदा होता. घरच्यांना तहान लागली तर त्यांनी उरलेल्या पाण्यात भागवावं. पोरगी लहान असताना तापाने फणफणली होती, तेव्हा दुर्गाबाईंनी त्या हंड्याला हात लावला म्हणून खुशालरावांनी दोन दिवस अबोला धरला होता. माणूस वाईट नव्हता, असं गावातले लोक म्हणत. ज्यांनी त्यांच्या घरी फक्त चहा घेतला होता ते म्हणत.

या घरापुढेच एसटीची मुक्कामी गाडी उभी राही. गाडी अमरावतीहून संध्याकाळी येई, रात्र गावात काढी आणि उजाडता उजाडता परत निघे. ड्रायव्हर देवमन आणि त्याच्या जोडीला जो असेल तो कंडक्टर खुशालरावांच्या ओसरीवर झोपत. दुर्गाबाई त्यांना भाकरी-वरण वाढत. इतकी वर्षं हे चाललं होतं, की खुशालराव एसटीला 'आमची गाडी' म्हणत, आणि ती सरकारची आहे हे त्यांना अधूनमधून देवमनलाच सांगावं लागे.

त्यांची एकुलती एक मुलगी आकांक्षा त्या गाडीने अमरावतीला अपडाऊन करायची. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पोरगी हुशार, बापावर जीव असलेली, पण तोंडाने सरळ. शिकून गावात औषधाचं दुकान टाकायचं तिच्या मनात होतं, कारण धानोरखेडात साधी तापाची गोळी किराणा दुकानात बिस्किटाच्या बरणीशेजारी मिळायची. खुशालरावांना तिचं कौतुक होतं. पाहुणा आला की ते तिचा पांढरा ॲप्रन आतून मागवून दाखवत. पण एक अट त्यांनी पहिल्याच दिवशी घातली होती. "दारातून गाडीत बसायचं, दारात उतरायचं. गाडी हाय तोवर शिक. होस्टेल-बिस्टेलचं नाव काढायचं नाही. माही पोरगी परक्याच्या छताखाली झोपनार नाही." म्हणजे पोरीचं सगळं शिक्षण एसटीच्या चाकांवर उभं होतं, आणि हे घरात तिघांनाही नीट ठाऊक होतं.

अशात ग्रामपंचायतीत एक सूचना आली. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांचा मिळून प्रवासी वाहतुकीचा नवा आराखडा तयार होत होता. कुठल्या गाड्या वाढवायच्या, कुठल्या बंद करायच्या हे ठरणार होतं, आणि त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते. ज्या फेऱ्यांना माणसं नाहीत त्यांवर गदा येणार, हे ग्रामसेवकाने दोनदा वाचून दाखवलं. धानोरखेडपासून मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत गाडीत किती लोक बसतात ते पाहायला एक मॅडम मंगळवारी सकाळी स्वतः गाडीने प्रवास करणार, हेही त्याने सांगितलं. खुशालरावांच्या कानात त्यातले दोनच शब्द गेले. मॅडम येणार.

मग काय विचारता! सोमवारी दुपारपासून माणसाच्या अंगात वारं शिरलं. पोरं लावून त्यांनी गाडी धुवायची ठरवली, दाराला आंब्याच्या डहाळ्या बांधायच्या ठरवल्या, आणि संध्याकाळी स्वतः घरोघर फिरून निरोप दिला. उद्या सकाळच्या गाडीत कुणी बसायचं नाही.

बाहेरच्याला हे ऐकून वेड लागेल, पण धानोरखेडात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. गावाचं ते जुनं वळण होतं. लग्नाची वरात एसटीने यायची त्या काळापासून गावकरी पाहुण्यांसाठी गाडीतून खाली उतरून उभे राहत. पाहुणे बसले, ऐसपैस झाले, की उरल्या जागेत आपण. पाहुण्याच्या मांडीला मांडी लावून बसणारं गाव म्हणजे दरिद्री गाव, असं त्यांच्या बापजाद्यांनी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्यामुळे निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. उरलेल्या निम्म्यांना खुशालरावांच्या शेतात काम लागायचं, त्यांनीही डोलावल्या.

फक्त चतुराबाई अडली. ती बौद्धपुऱ्यातली, दर मंगळवारी दर्यापूरच्या बाजारात अंबाडीची आणि मेथीची भाजी नेऊन विकायची. भाजी उपटून, जुड्या बांधून, ओल्या फडक्याखाली ठेवून झाली होती.

"भाऊ, मॅडमले बसायले एक सीट लागते," ती म्हणाली. "बाकीच्या सीटवर काय तिची सावली बसवता?"

"चतुराबाई, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"आन माह्या भाजीचा?"

"एका दिवसानं का होते वं? ढोराले टाक."

चतुराबाई खुशालरावांच्याच शेतात कापूस वेचायला जाई. भाजी ढोरांनी खाल्ली.

घरी आकांक्षा वाट पाहत बसली होती. "बाबा, हे काय करून राहिले तुमी? त्या गर्दीच पाह्यले येऊन राहिल्या ना. गाडी भरलेली दिसली तर चालू ठेवतीन."

"गर्दी का पाह्याची चीज हाय? आल्या-आल्या बाईले धक्के-बुक्के दाखवू? ते म्हनन, कोन्या जंगलात आली मी."

"मले तरी जाऊ द्या उद्या."

"तू तर बिलकूल नाही. गावाले खाली ठेवलं आन आपल्या पोरीले बसवलं, लोक काय म्हनतीन?"

देवमनने जेवताना विषय काढून पाहिला. "भाऊ, उद्या गाडी भरून दिसू द्या," एवढंच तो म्हणाला. खुशालरावांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायला लावली आणि तू गाडी चालव, पाहुण्याचं आम्ही पाहतो, असं हसत सांगितलं. देवमनला नोकरी होती, वरचे साहेब होते. त्याने भाकरी खाल्ली.

मॅडम आल्या. गीतांजली त्यांचं नाव. पुण्याकडच्या कुठल्याशा कंपनीने पाठवलेल्या, वयाने तरुण, हातात टॅब, आणि झोप न झालेले डोळे. पोहे त्यांनी नको म्हटले. खुशालरावांनी ते डब्यात भरून बळेबळे त्यांच्या पिशवीत घातले. नारळ फुटला. मॅडम पुढच्या सीटवर बसल्या, खुशालराव यजमान म्हणून त्यांच्या मागे, आणि बाकी सगळी गाडी डहाळ्या हलवत रिकामी निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाव उभं होतं. ज्यांना कामाला जायचं होतं ते उभे होते, ज्यांना दवाखान्यात जायचं होतं ते उभे होते. आकांक्षा ॲप्रन घडी करून हातावर घेऊन ओट्यावर उभी होती. खुशालरावांनी खिडकीतून तिला हात केला.

"रोज इतकीच माणसं असतात का?" मॅडमनी विचारलं.

आता इथे देवाने तरी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण खुशालरावांना वाटलं, बाईंना निवांतपणा आवडला. पुन्हा येताना गर्दीची धास्ती नको वाटायला.

"रोजच निवांत असते मॅडम. तुमी कधीबी या, पाय पसरून बसा."

मॅडमनी टॅबवर बोट टेकवलं. देवमनने आरशातून मागे पाहिलं आणि विनाकारण हॉर्न वाजवला.

आराखड्याचा मसुदा आला तेव्हा त्यात धानोरखेडच्या वाट्याला एकच ओळ होती. फाट्यापलीकडे प्रवासी नाहीत, मुक्कामी फेरी बंद करावी. कुणाची हरकत असेल तर अमरावतीला सुनावणी ठेवली आहे, तिथे येऊन सांगावी. खुशालरावांना आधी राग आला तो मॅडमचा. नारळ फोडला, डबा भरून दिला, आणि बाईने हे केलं? पाहुणचाराला जागली नाही, हे ते येईल त्याला सांगत सुटले. येणारे ऐकून घेत आणि बाहेर पडल्यावर त्यांना शिव्या घालत.

दुर्गाबाईंनी मात्र त्या रात्री, लग्नानंतर कदाचित पहिल्यांदाच, त्यांना ताटावर बसवून वाढायचं थांबवलं. "पोरीचं शिक्षन तुमी त्या बाईच्या डब्यात भरून देल्लं," त्या म्हणाल्या. तशाच आत निघून गेल्या.

हे लागलं. खुशालरावांना पोरगी प्यारी होती, हे खोटं नाही. ते उठून आकांक्षाजवळ गेले, तिच्या पुस्तकापाशी बसले. "मी सांगतो साहेबाले," ते म्हणाले. "माही चूक हाय म्हनतो. गाडी मी खाली ठेवली म्हनतो. मंग तं होईन ना?"

"होईन बाबा," आकांक्षा म्हणाली. "मी आधी सांगतो सगळं. तुमी फक्त उभे राहून 'हो' म्हना. एवढंच."

"म्हनतो ना माय. त्यात का हाय?"

सुनावणीच्या दिवशी जाताना गाडीत ते पुटपुटत होते. हो साहेब, खरं हाय साहेब. पोरगी शेजारी बसून त्यांच्याकडे पाहून हसत होती. चतुराबाई मागच्या सीटवर होती. गावातली आणखी पाच-सात माणसं होती. सगळ्यांचा भरवसा एका 'हो'वर होता.

हॉल थंडगार होता. खुर्च्यांना पांढरे कपडे, प्रत्येकाला चहा आणि बिस्किटं. खुशालराव ते पाहूनच अर्धे विरघळले. त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर कुणीतरी आपल्याला पाहुणा केलं हे. धामणगावच्या व्यापाऱ्यांनी रेल्वेच्या मालधक्क्याची मागणी केली, शहरातल्यांनी उड्डाणपुलाची, कुणी विजेवरच्या बस मागितल्या, एक वकीलसाहेब विमानावर बराच वेळ बोलले. पहिल्या रांगेत बाळापूरचे वामनराव बसले होते. बियाणं-खताचा मोठा धंदा, दूरचं नातं, आणि दिवाळीला खुशालरावांकडे जेवून गेलेला पाहुणा. त्यांनी मागे वळून हात केला. खुशालरावांनी टोपी नीट केली.

धानोरखेडचा नंबर शेवटी शेवटी लागला. आकांक्षा माइकपाशी गेली. घाबरली होती, पण बोलली नीट. गाडी रोज भरून जाते. कॉलेजची मुलं, बाजाराच्या बाया, दवाखान्याचे म्हातारे असतात. मॅडम आल्या त्या दिवशी गावाने पाहुण्यांना जागा मिळावी म्हणून गाडी रिकामी ठेवली. त्या एका दिवसावरून गाडी बंद करू नका.

सुनावणी घेणारे साहेब हसले. साहेब दुष्ट नव्हते, फक्त सकाळपासून कंटाळले होते. "म्हणजे आमच्या मॅडमसाठी अख्खी एसटी रिझर्व्ह?" ते म्हणाले, आणि हॉल खदखदला. "अहो, लोक गाडीत जागा मिळावी म्हणून भांडतात, तुम्ही भरलेली गाडी रिकामी करून दाखवली! कोण हे महान यजमान? दर्शन तरी होऊ द्या."

खुशालराव उभे राहिले. 'हो' ओठावर होतं. पण त्यांच्यापुढे सगळा हॉल वळून बसला होता. धामणगावचे व्यापारी हसत होते, वकीलसाहेब हसत होते, चहा देणारी पोरं भिंतीला टेकून हसत होती. आणि पहिल्या रांगेत वामनराव रुमालाने डोळे पुसत हसत होते. आयुष्यभर ज्या गोष्टीवर माणसाने आपलं नाव कमावलं, तीच गोष्ट त्या थंडगार हॉलमध्ये सगळ्यांना विनोद वाटत होती.

"तुम्ही खरंच सगळ्यांना उतरवलं?" साहेबांनी विचारलं.

"पोरगी लहान हाय साहेब," खुशालराव म्हणाले. "तिच्या बोलन्यावर जाऊ नोका. कोनी कोनाले उतरवलं नाही."

आकांक्षाने माइक हातातच धरला होता.

"आमच्या गावात घरोघरी मोटारसायकली हायेत," खुशालराव पुढे म्हणाले. हसणं थांबलं होतं. लोक ऐकू लागले होते, आणि त्या ऐकण्याने त्यांच्या अंगात बळ आलं. "गाडीत बसायले मानूसच नसते. रिकामी गाडी फिरवून सरकारचं नुकसान होते, ते आमालेही पाह्यवत नाही. ज्या गावाले गरज हाय त्याले द्या. धानोरखेड मांगनाऱ्यांतलं नाही."

"वा!" साहेब म्हणाले. "ऐकलंत? अशी समज सगळ्या गावांनी दाखवली, तर आमचं काम किती सोपं होईल."

टाळ्या झाल्या. वामनरावांनी हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवल्या. खुशालरावांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, छाती भरून आली त्यांची.

"खोटं बोलून राहिला हा मानूस!" मागून चतुराबाई ओरडली. "याच्या पायी माही भाजी ढोरानं खाल्ली! याच्या घरी मोटारसायकल हाय, माह्या घरी काय हाय? माहे पाय हायेत!"

"ताई, वेळ संपली. लेखी द्या," साहेब म्हणाले. माइक पुढच्या गावाकडे गेला.

परतीच्या गाडीत बापलेक शेजारी बसले नाहीत. गावातला एकही माणूस खुशालरावांशेजारी बसला नाही. ती सीट रिकामी होती आणि माणसं उभी होती.

गाडी बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी देवमन आला, पण ओसरीवर चढला नाही. दुर्गाबाईंनी ताट वाढलं. "पोट भरलं हाय वहिनी," तो म्हणाला आणि गाडीतच सीटवर आडवा झाला. खुशालराव दोनदा बोलवायला गेले. दुसऱ्यांदा त्याने काच वर ओढून घेतली. सकाळी मात्र गाव लोटलं. गाडी शेवटची जाते म्हणून म्हाताऱ्या बसल्या, पोरं टपावर चढली, दारात माणसं लोंबकळली, आणि टायर दबलेली ती गाडी धूर सोडत फाट्याकडे गेली. ते पाहायला कुणी मॅडम नव्हती.

घरी मोटारसायकल होती, आणि भर सभेत तिच्या फुशारक्या मारून झाल्या होत्या. त्यामुळे रोज पहाटे खुशालराव पोरीला फाट्यावर सोडू लागले. ती मागे बसे, त्यांच्या खांद्याला हात न लावता. मागची सळई घट्ट धरून बसे, हे त्यांना खड्ड्यांवर कळे. वाटेत ते बोलत. तुरीवर बोलत, थंडीवर बोलत. ती उतरून निघून जाई. फाट्यापर्यंत पायी निघालेल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन बाजूला सरकत, आणि चतुराबाई तर मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चाले. हॉर्न वाजवला तरी वळून पाहत नसे.

असं करत करत तिच्या प्रॅक्टिकलचा दिवस आला. बाहेरचे परीक्षक यायचे होते, उशीर चालणार नव्हता. आकांक्षा अंधारातच तयार झाली. खुशालरावांनी किक मारली आणि त्याच वेळी दारात चारचाकी उभी राहिली. बाळापूरचे वामनराव! कौंडण्यपूरला दर्शनाला निघाले होते, वाट वाकडी करून सकाळच्या चहाला आले होते.

"या, या!" खुशालरावांनी मोटारसायकल बंद केली.

"बाबा," आकांक्षा म्हणाली.

"दहा मिनिटं थांब. चहा होऊ दे."

चहा झाला. मग वामनराव म्हणाले, तुमच्याकडच्या पोह्यांची चव जिभेवर आहे. दुर्गाबाई कांदा चिरता चिरता नवऱ्याला दाराआड खेचून म्हणाल्या, "त्यांच्या गाडीत सोडून द्या ना तिले फाट्यावर. खाली उभी हाय गाडी. दहा मिनिटाचं काम."

"पाहुन्याले काम सांगू मी?" खुशालराव खालच्या आवाजात म्हणाले. त्यांना खरोखर धक्का बसला होता. "तुले अक्कल हाय का?"

"मंग तुमी सोडून या."

"घरी पाहुना बसवून? आन मांगं त्याच्याशी कोन बोलन, तू?"

आकांक्षा ते ऐकत होती. तिने बॅग खांद्याला लावली आणि चालायला लागली. पुढे पुढे पळत होती, असं वाटेत भेटलेल्यांनी नंतर सांगितलं. वामनरावांच्या रिकाम्या गाडीत ड्रायव्हर पाय पसरून झोपला होता. ती गेली तेव्हा वामनराव ओट्यावर बसून तिच्या पाठीकडे पाहत होते. "पोरगी वयात आली हो खुशालराव," ते म्हणाले.

ती कॉलेजला पोचली तोवर परीक्षक उठून गेले होते. तिने हातापाया पडून पाहिलं. वर्ष गेलं.

दुर्गाबाई होस्टेलचं बोलल्या, रडून बोलल्या. खुशालरावांना हो म्हणता आलं असतं. पैशाची अडचण नव्हती. पण हो म्हणायचं म्हणजे गाडी आपण घालवली हे कबूल करायचं, आणि नाही म्हणायचं तर त्या मुकाट पोरीला रोज सकाळी पाठीमागे बसवून फाट्यावर नेत राहायचं. दोन्ही त्यांच्याने होईना. त्यापेक्षा वामनरावांचा निरोप आला, तो बरा वाटला. शिवम, त्यांचा मुलगा, दुकान सांभाळतो. एकदा पाहून जातो म्हणाले.

पाहुणे आले. चांगली गाडी भरून आले. खुशालरावांनी बैठकीत नवी चादर अंथरली होती, गोड्या पाण्याचे गडू भरून ठेवायला लावले होते. आकांक्षा साडी नेसून समोर येऊन बसली. शिवम मोबाइल खाली ठेवून तिच्याकडे एकदा पाहून पुन्हा मोबाइलकडे वळला. नाव, रास, स्वयंपाक येतो का, सगळं रीतसर झालं. मग वामनरावांनी प्रेमाने विचारलं, "फार्मसी करत होती ना बाई? मंग शिक्षन काहून सोडलं?"

खुशालरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं होतं. शेतीचं काहीतरी सांगणार होते.

"मी नाही सोडलं," आकांक्षा म्हणाली. आवाज शांत होता. "माह्या बाबांनी मले शिकू नाही देल्लं. गाडी त्यांनीच बंद केली, सगळ्यांसमोर खोटं बोलून. तुमी होते तेथी. तुमी टाळ्या वाजवल्या. मंग परीक्षेच्या दिवशी तुमी पोहे खात बसले होते आन मी फाट्यापर्यंत पळत गेली."

दुर्गाबाई दारात थिजल्या. बोलायचा क्षण हाच होता, हे खुशालरावांनाही कळलं. एवढ्या मोठ्या खोलीत ती फक्त त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. ती वाट पाहत होती. एकदा 'हो, खरं हाय' म्हणाले असते तरी तिला पुरलं असतं.

आणि वामनराव हसले. आधी थोडं, मग पोट हलवून. "म्हंजे आमचाही हात हाय त्यात!" ते म्हणाले. "बरंच झालं बाई. पोरगी जास्त शिकली का घरच्यांच्या डोक्यावर बसते. आता आमच्या दुकानातल्या औषधी मोज, फवाऱ्याच्या!" शिवमही हसला. त्याच्याबरोबरचे दोघे हसले. वामनरावांनी खुशालरावांच्या मांडीवर थाप मारली आणि 'काय म्हणता' अशा नजरेने पाहिलं.

पाहुणा हसत होता, आणि यजमान हसत नव्हता. असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

खुशालराव हसले. सुरुवातीला नुसते ओठ हलले, मग आवाज फुटला, आणि एकदा फुटल्यावर तो सगळ्यांत मोठा झाला. पोरगी त्यांच्याकडे पाहत होती. ते हसत हसत चिवड्याच्या ताटाकडे बोट दाखवून वामनरावांना म्हणाले, "घ्या, घ्या."